पडद्यावरची मराठी कोण तपासणार?

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. ऑक्टोबर २०२५मध्ये तेथील न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले, तेव्हा त्या समारंभाला कोनशिलेपलीकडचे महत्त्व आले ते साहजिकच होते. त्याआधी दोनच महिने मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे कोकणातले दोन जिल्हे त्याच्या कक्षेत आले. न्याय दाराशी आला, अशा शब्दांत या घटनांचे स्वागत झाले. इमारतींची छायाचित्रे छापून आली. मात्र त्या इमारतींच्या आतले काम आता कागदाइतकेच, किंबहुना काही बाबतींत कागदाहून अधिक, संगणकाच्या पडद्यावर चालते. आणि त्या पडद्यावर जे दिसते ते बरोबर दिसते की नाही, हे कोण आणि कसे तपासते, हा प्रश्न कोणत्याही कोनशिलेवर कोरलेला नसतो.

ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७मध्ये सुरू झाला, दुसरा २०१५ ते २०२३ या काळात पार पडला आणि तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. या प्रकल्पाचे एक वैशिष्ट्य सर्वसामान्य वाचकाला फारसे ठाऊक नाही. न्यायव्यवस्थेने प्रारंभीच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मार्ग पत्करला. न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स कुळातली प्रणाली आली, तिच्या वापराचे प्रशिक्षण देशभर दिले गेले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारे ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’ हे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने तयार केले. प्रशिक्षणवर्गांचे नावच ‘उबुंटू-कम-सीआयएस’ असे होते. राजापूरपासून मंडणगडपर्यंतच्या न्यायालयांतले कर्मचारी आणि न्यायाधीश या प्रणालींच्या संपर्कात आले ते या मार्गाने.

मुक्तस्रोताची बाजू केवळ न्यायालयांनीच उचलून धरली असे नाही. केंद्र सरकारने मार्च २०१५मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७पासून आहे. केरळातल्या सरकारी शाळांचे संगणक वर्षानुवर्षे लिनक्सवर चालत आले आहेत. २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारित ‘माया’ या प्रणालीकडे वळण्याचा निर्णय घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण आधार थांबवला. चालते-फिरते, पण विंडोज ११च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक कचऱ्यात जाणार की लिनक्सवर जगणार, हा प्रश्न त्यामुळे शाळा, ग्रामपंचायती आणि छोट्या कचेऱ्यांपुढे उभा राहिला. परवान्याचा खर्च वाचतो, हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते आणि ते खरेही आहे. फक्त हिशेब तेथे संपत नाही.

संगणकप्रणाली ही बांधून झाली की संपली, अशी वस्तू नव्हे. ती सतत बदलते. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिच्या डोळ्यांना दिसणाऱ्या भागाचा पाया असलेला ‘जीनोम’ दर सहा महिन्यांनी नवा होतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तर जवळजवळ रोजच येत असतात. यांपैकी कोणत्याही बदलाने काहीतरी भलतेच बिघडू शकते. छपाईची खिडकी उघडेनाशी होते, कळफलक मराठीवरून इंग्रजीवर जातो आणि परत येत नाही, किंवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसू लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असे झाले तर जाणकार माणूस तासाभरात सापडेल. मंडणगड, दापोली किंवा गुहागरला तो यायचा म्हणजे दिवस गेला. त्या दिवशीची तारीख घेऊन एसटीने आलेल्या पक्षकाराला संगणक बिघडल्याचे कारण सांगितले जाते, आणि तो बिचारा पुढची तारीख घेऊन परततो.

म्हणून बदल लोकांपर्यंत पोहोचण्याआधी तपासणे आले. पूर्वी ही तपासणी माणसे करीत. यादी समोर ठेवायची, प्रत्येक खिडकी उघडायची, प्रत्येक बटण दाबायचे आणि यादीवर खूण करायची. काम कंटाळवाणे, आणि कंटाळलेला माणूस नेमकी चूक सोडून देतो. यावर उपाय म्हणून हे काम यंत्राकडे सोपवण्याची पद्धत रुळली. तिच्यातले सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘ओपनक्यूए’. सुसे आणि ओपनसुसे यांच्या वर्तुळात ते जन्मले व वाढले. २०१५च्या सुमारास फेडोरा प्रकल्पाने ते स्वीकारले. जीनोम आणि डेबियन यांच्याकडेही ते चालते. ओपनसुसेच्या ‘टम्बलवीड’ या सतत बदलणाऱ्या आवृत्तीचा कोणताही नवा संच या चाचणीतून गेल्याखेरीज वापरकर्त्यांच्या हाती पडत नाही. फेडोरातही महत्त्वाच्या पॅकेजांची नवी आवृत्ती चाचणीत नापास झाली, तर तिची वाट अडवली जाते.

त्याची रीत समजण्यास अवघड नाही. एका मोठ्या संगणकाच्या पोटात आभासी संगणक उभा केला जातो. त्यावर नवी प्रणाली चढवली जाते. मग चाचणीचा कार्यक्रम बाहेरून त्याच्या पडद्याकडे पाहतो आणि बाहेरूनच त्याला कळा दाबल्याचे व माऊस हलवल्याचे संदेश देतो. आतल्या प्रणालीला आपली परीक्षा चालली आहे याचा पत्ताही नसतो. पडद्यावर अमुक चित्र दिसले तरच पुढचे पाऊल टाकायचे, हा नियम. हे ‘अमुक चित्र’ म्हणजेच या पद्धतीचा प्राण. त्याला तेथे ‘नीडल’, म्हणजे सुई, म्हणतात. प्रत्येक सुईच्या दोन फायली असतात. एक पडद्याचे छायाचित्र, आणि दुसरी त्या छायाचित्रातल्या कोणत्या चौकोनाकडे पाहायचे हे सांगणारी टाचणवजा मजकुराची. चौकोन तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नसते. सारखेपणाची एक पातळी ठरलेली असते आणि वेगळे काही सांगितले नसेल तर ती ९६ टक्के धरली जाते. ठरावीक वेळात एकही सुई जुळली नाही, की चाचणी नापास.

येथपर्यंत सारे यंत्राचे आहे. यापुढचे काम माणसाचे आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. चाचणी नापास झाली म्हणजे प्रणाली बिघडली, असे मुळीच नाही. अनेकदा प्रणाली धडधाकट असते आणि सुई जुनी झालेली असते. नव्या आवृत्तीबरोबर पार्श्वभूमीचे चित्र बदलले, अक्षरांच्या कडा जरा अधिक गुळगुळीत झाल्या, बटणाचा निळा रंग किंचित गडद झाला, वरच्या पट्टीतल्या घड्याळात नऊऐवजी दहा वाजले, एवढे कारणही पुरते. मग कोणीतरी बसून जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहायचे, आणि हा बिघाड की नुसता पेहरावातला बदल, याचा निवाडा करायचा. पेहराव बदललेला असेल तर नवी सुई तयार करायची. बिघाड असेल तर तो संबंधित विकासकाला कळवायचा आणि तो दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करायचा. हा निवाडा करण्यासाठी कोणतेही बटण नाही. त्यासाठी प्रणाली कशी दिसायला हवी हे ठाऊक असलेला डोळा लागतो.

मोठा बदल आला की या कामाला पूर येतो. उबुंटूच्या २०१६मधल्या १६.०४ या आवृत्तीत ‘युनिटी’ नावाचा पेहराव होता. खिडकी बंद करण्याचे बटण डाव्या कोपऱ्यात. २०१८च्या १८.०४मध्ये तो जाऊन जीनोम आला आणि ते बटण उजवीकडे गेले. माणसांनी आठ दिवस कुरकुर केली आणि सवय करून घेतली. चित्रावर विसंबलेल्या चाचण्यांना सवय होत नाही. त्यांची जवळजवळ प्रत्येक सुई नव्याने घडवावी लागते. मार्च २०२१मध्ये जीनोम ४० आला, खिडक्यांचा उभा पसारा आडवा झाला, आणि तोच खेळ पुन्हा झाला. त्यानंतरचा बदल पडद्याआडचा आहे. १९८०च्या दशकापासून चालत आलेली ‘एक्स’ ही चित्रयंत्रणा मागे पडून ‘वेलँड’ आली. सप्टेंबर २०२५च्या जीनोम ४९ने जुनी वाट मुळातच बंद करून ठेवली. एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, त्याच्या नावाने कळा दाबू नयेत, ही वेलँडची शिस्त सुरक्षिततेसाठी उत्तमच. पण प्रणालीच्या आत बसून कळा दाबणारी जी जुनी चाचणीसाधने होती, त्यांच्या पायाखालची जमीन त्यामुळे सरकली. ओपनक्यूए बाहेरून पाहत असल्यामुळे वाचले.

खोट्या हाका हा या व्यवहारातला सर्वांत मोठा शत्रू म्हणावा लागेल. कधी उत्तीर्ण होणारी आणि कधी विनाकारण नापास होणारी चाचणी ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोरासारखी असते. पहिल्या दहा वेळा माणूस धावतो, अकराव्या वेळी पुन्हा चालवून पाहू म्हणतो, आणि बाराव्या वेळी लांडगा खरेच आलेला असतो. पत्रकार आणि कार्यकर्ते ज्या ‘टेल्स’ या गोपनीयताप्रधान लिनक्सचा वापर करतात, तिच्या चाचणीसंचात अशा बेभरवशाच्या चाचण्यांवर ‘नाजूक’ या अर्थाची खूणचिठ्ठी लावून ठेवण्याची पद्धत आहे. लपवाछपवी न करता दुबळेपणाची उघड नोंद ठेवणे, हे आपल्याकडच्या सरकारी कामांत क्वचितच दिसते.

आता या साऱ्यात मराठी कोठे बसते? जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचना राज्य शासनाने १९९८मध्ये काढली. निकालपत्रे आजही मोठ्या प्रमाणात इंग्रजीत येत असली, तरी साक्षी, अर्ज, खरेदीखते, सातबारा आणि पक्षकारांची नावे मराठीतच असतात. आणि देवनागरी ही संगणकाच्या दृष्टीने सरळ लिपी नाही. ‘रत्नागिरी’ हे नावच पाहा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते नऊ कळांत टंकले जाते. त्यांतला त, हलन्त आणि न हे तिघे मिळून एक जोडाक्षर झाले पाहिजे; ‘गि’मधली ऱ्हस्व वेलांटी ग-नंतर टंकलेली असली तरी ग-च्या आधी दिसली पाहिजे. म्हणजे संगणकाने अक्षरे टंकल्या क्रमाने मांडून चालत नाही, ती घडवावी लागतात. लिनक्सवर हे घडवण्याचे काम ‘हार्फबझ’ नावाचा एक लहानसा घटक करतो, आणि त्याला आवश्यक आकार फाँट पुरवतो. या दोघांतल्या कोणाचीही आवृत्ती बदलली की जिल्ह्याचे नाव पुन्हा तपासावे लागते. जिल्ह्याचे नावच जणू एक छोटी चाचणी आहे.

त्याहून कसोटीची जोडी कोकणानेच पुरवली आहे. दर्या आणि दऱ्या. पहिल्यात य-च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात त्याच्या आधी पापणीसारखा र. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांतला भेद एवढ्या रेषेवर उभा आहे. आचार्यांस आणि आचाऱ्यांस ही जोडीही तशीच. एकात गुरुजन, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीला या पापणीतल्या र-ची गरज नसल्यामुळे केवळ हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली देवनागरी तपासणी येथे उपयोगाची नाही. ल आणि श यांची मराठी वळणेही वेगळी आहेत, आणि शासनाने २००९मध्ये वर्णमालेच्या निर्णयात ती ठरवूनही दिली. पण चुकीच्या वळणाचा ल वाचता तरी येतो. चुकीच्या र-ने शब्दच बदलतो.

फेडोराच्या स्वयंचलित चाचण्यांत प्रणाली वेगवेगळ्या भाषांत चढवून पाहण्याची सोय आहे. फ्रेंच, रशियन, जपानी, अरबी या भाषा तेथे आहेत, आणि त्यांची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. रशियनमध्ये दोन लिप्यांचे कळफलक अदलाबदल करावे लागतात, जपानीत टंकलेल्या ध्वनीतून चित्राक्षर निवडावे लागते, अरबी उजवीकडून डावीकडे जाते. प्रत्येक भाषा एकेका जातीच्या अडचणीची प्रतिनिधी आहे. जोडाक्षरे आणि जागा बदलणारी वेलांटी ही भारतीय लिप्यांची अडचण मात्र यांपैकी कोणत्याच जातीत मोडत नाही. फ्रेंच उत्तीर्ण झाली म्हणून मराठी उत्तीर्ण झाली, असे म्हणता येत नाही.

या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी आणि मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचा पाया शतकाच्या आरंभी घातला. रेड हॅटने २००४मध्ये ‘लोहित’ हे फाँट मुक्त केले आणि त्यांची निगा पुढे अनेक वर्षे पुण्यात राखली गेली. त्याच कंपनीच्या भारतीय भाषांच्या गटाने कोणता शब्द पडद्यावर नेमका कसा दिसावा याचे नमुने लिपीवार गोळा केले, आणि ते हार्फबझच्या भांडारातही दाखल झाले. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीआधी भाषांसाठी एक चाचणीदिन पाळला जातो. स्वयंसेवक आपापल्या भाषेत टंकून पाहतात. हे सर्व मोलाचे आहे. पण स्वयंसेवकाचा चाचणीदिन सहा महिन्यांतून एकदा येतो आणि दुरुस्त्या रोज येतात.

चित्रे जुळवण्याची पद्धत मराठीसाठी जशीच्या तशी उचलावी, तर तिच्यात एक फसवी जागा आहे. ९६ टक्के सारखेपणा हे प्रमाण इंग्रजी बटणासाठी ठीक आहे. मराठीत एखाद्या लांब ओळीभोवती ऐसपैस चौकोन आखला, तर त्यातले एक टिंब नाहीसे झाले तरी बाकीची ओळ जुळते आणि यंत्र समाधानाने पुढे जाण्याचा धोका राहतो. ‘मुलाचा हिस्सा’ आणि ‘मुलांचा हिस्सा’ यांत फरक केवळ त्या टिंबाचा आहे. वाटणीच्या दाव्यात हा फरक किती गुंठ्यांचा असतो, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून मराठीच्या सुईचा चौकोन लहान हवा, अक्षरापुरता हवा, आणि पातळी जवळजवळ शंभराची हवी. पण पातळी वर नेली की खोट्या हाका वाढतात. फाँटची कड जराशी सावरली गेली तरी चाचणी कोसळते, आणि निवाड्यासाठी माणूस पुन्हा बोलवावा लागतो. या दोन टोकांमधली जागा कोष्टकात सापडत नाही. ती प्रत्येक शब्दासाठी हाताने शोधावी लागते.

चित्राला पर्याय नाही का? आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये अंध वापरकर्त्यांच्या सोयीसाठी एक आतली वाट ठेवलेली असते. पडदा मोठ्याने वाचून दाखवणारा ‘ओर्का’ हा कार्यक्रम त्या वाटेने प्रत्येक बटणाचे नाव विचारतो. रेड हॅटमध्ये जन्मलेले ‘डॉगटेल’ हे चाचणीसाधन याच वाटेचा उपयोग करते. बटण डावीकडे आहे की उजवीकडे, निळे की करडे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘जतन करा’ नावाचे बटण आहे ना, मग ते दाबायचे. टेल्सनेही चित्रांवरचे अवलंबन कमी करण्यासाठी या वाटेचा आधार घेतला. याचा एक आनुषंगिक लाभ असा, की ज्या बटणाला विकासकाने नावच दिलेले नाही ते चाचणीलाही सापडत नाही, आणि अंध वापरकर्त्याला ते कधीच सापडत नव्हते हे त्या निमित्ताने उघड होते. ई-न्यायालयाच्या तिसऱ्या टप्प्यात दिव्यांगांना वापरता येतील अशा सुविधांसाठी तरतूद आहे. ती केवळ यंत्रखरेदीत संपू नये असे वाटत असेल, तर ही चाचणी त्या खर्चाचा पहिला पुरावा ठरू शकते.

पण ही वाट मराठीपुरती अर्धीच आहे. डॉगटेलने विचारले तर प्रणाली सांगते, बटणाचे नाव ‘जतन करा’. ते नाव पडद्यावर सुबक अक्षरांत दिसते आहे की रिकाम्या चौकोनांत, हे तिला ठाऊक नसते. ते पाहण्यासाठी चित्रच हवे. उलट, चित्राला न दिसणारी एक चूकही आहे आणि ती अधिक खोलवरची आहे. पापणीतला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यात त्यासाठीच वापरला जाणारा टिंबाचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या ठरावीक सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत. म्हणजे गोऱ्हे किंवा कऱ्हाडकर हे आडनाव एका कारकुनाने एका कळफलकावरून नोंदवले आणि दुसऱ्याने दुसऱ्यावरून शोधले, तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने खास काळजी घेतली नसल्यास, उत्तर ‘नोंद आढळली नाही’ असे येऊ शकते. वकिलांच्या नावाआधी येणाऱ्या ‘ॲड.’ची कथा तीच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर अ आणि अर्धचंद्र अशा दोन तुकड्यांत लिहिलेला आहे आणि आजही अनेक जण तसाच लिहितात. येथे सुई उत्तीर्ण, डॉगटेल उत्तीर्ण, आणि पक्षकार मात्र नापास. अशा ठिकाणी शोधाचीच चाचणी हवी. दोन्ही रीतींनी नाव टंकायचे आणि दोन्ही वेळा तोच खटला समोर येतो की नाही, हे पाहायचे.

पैशाचा प्रश्न आला की चित्र स्पष्ट होते. तिसऱ्या टप्प्यातल्या ७,२१० कोटींपैकी दोन हजार कोटींहून अधिक रक्कम जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंग व संगणकीकरणासाठी राखून ठेवलेली आहे. ते योग्यच; जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा कागदाचे काय होते ते जिल्ह्याने पाहिले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आदी भावी तंत्रांसाठी ५३ कोटी ५७ लाख रुपये आहेत आणि चर्चा प्रामुख्याने त्यांचीच होते. तपासणीचे काम सॉफ्टवेअर विकासाच्या सर्वसाधारण खात्यात धरून चालावे लागते. स्कॅन केलेला मजकूर, त्यावरचा शोध आणि त्यावर उभी राहणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, या साऱ्यांच्या मुळाशी अक्षर नीट दिसणे आणि नीट साठणे आहे. पण अक्षराची राखण ही उद्घाटन करण्याजोगी गोष्ट नाही. नवी सुविधा सुरू झाली की फीत कापता येते. न बिघडलेल्या सुविधेसाठी कोणी फीत कापत नाही.

तसे पाहिले तर हे काम खर्चिकही नाही. ओपनक्यूए मुक्त आहे. आभासी संगणक चालवू शकणारी एक-दोन बऱ्यापैकी यंत्रे, अखंड वीज आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्यावर लहानसा संच उभा राहतो. रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६पासून आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि आता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी विषय शोधत हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांना दर्या आणि दऱ्या यांची सुई घडवण्याइतका नेमका विषय मिळणे कठीण. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांची त्यांना साथ मिळाली, तर कोणते शब्द तपासायचे याची यादीही पक्की होईल. कारण ती यादी संगणकतज्ज्ञाच्या डोक्यातून निघणारी नव्हे. असा संच मूळ प्रकल्पांकडे पाठवला की त्याचा लाभ न्यायालयांपुरता राहणार नाही. मराठीत लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला तो आपोआप मिळेल.

अडचण संच उभारण्याची नाही, सांभाळण्याची आहे, आणि येथे रत्नागिरीची जुनी व्यथा आडवी येते. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती एप्रिलमध्ये येते, जीनोमचे नवे रूप मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. विद्यार्थी उन्हाळ्यात परीक्षा देऊन मोकळे होतात. सप्टेंबरात सुया तुटू लागतात तेव्हा त्या घडवणारे विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांत रुजू झालेले असतात आणि गणपतीला चार दिवस गावी आलेले असतात, तेही रजा मोजून. नव्या वर्गाला तोवर आभासी संगणक म्हणजे काय, हेही शिकायचे असते. प्रकल्प-अहवाल बांधून ग्रंथालयात जातो, गुण मिळतात, आणि पडद्यावर लाल खुणांची रांग वाढत राहते. पहिल्या वर्षी उत्साहाने उभा राहिलेला संच दुसऱ्या वर्षी कोणी पाहत नाही, तिसऱ्या वर्षी तो बंद करून ते यंत्र प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कामाला लावले जाते.

याला तोड म्हणून एखाद्या महाविद्यालयात किंवा जिल्हा न्यायालयाच्या संगणक कक्षात एक कायम जागा निर्माण करावी लागेल. तिच्यावरच्या माणसाने रोज सकाळी रात्रीच्या चाचण्यांचे निकाल पाहायचे, बिघाड कोणता आणि पेहराव कोणता हे ठरवायचे, जुन्या सुया काढून नव्या घालायच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीला ते शिकवायचे. पदाचे नाव काय ठेवावे, वेतनश्रेणी कोणती द्यावी आणि ते कोणत्या खात्याच्या आकृतिबंधात बसवावे, यावर फाइल किती टेबलांवरून फिरेल याचा अंदाज मंत्रालयाची पायरी चढलेल्या कोणालाही करता येईल. दरम्यान, दुरुस्त्या रोज येत राहतात. मंडणगडच्या नव्या इमारतीतल्या संगणकावरही त्या येतील, आणि तूर्त त्या बरोबर बसल्या की नाही हे कळण्याचा एकच मार्ग आहे. सकाळी संगणक सुरू करणाऱ्या कारकुनाने पहिल्या पक्षकाराचे नाव टंकून पाहायचे.